दात घासायची पूड

श्रीरामपुरम, बेंगळुरू
मंगळवार

प्रिय यशश्री,

हे पत्र एकटी बसून वाच. गुरुप्रसादला दाखवायचं तर नंतर दाखव. जावयासमोर माझी जी शोभा व्हायची ती एकदा झाली आहे. तू फोन स्पीकरवर टाकला होतास हे मला कळत नव्हतं असं समजू नकोस. मागे कुकरची शिट्टी होत होती आणि तो खाकरत होता. "अण्णा, तुम्ही फॉर्मवर खोटं लिहिलंत," असं तू मला त्या दोघांच्या साक्षीने म्हणालीस, नवऱ्याच्या आणि कुकरच्या. त्याला आज पाच आठवडे झाले. त्यानंतर मी तीनदा फोन केला. तिन्ही वेळा माझा आवाज चढला, मग तुझा चढला, मग तुझी मीटिंग आली. म्हणून लिहितो आहे. पाकीट पोस्टात टाकणार नाही. उद्या सकाळी स्वतः बसने मारतहळ्ळीला येऊन तुमच्या वॉचमनच्या हातात देणार आणि परत फिरणार. वर येणार नाही. माझं मराठी तुला माहीत आहे. शाळा आठवीपर्यंत, तीही कन्नड, आणि ही अक्षरं हिंदीच्या तासाला शिकलेली. चुका असतील त्या सोडून दे. पण खोटेपणा? तो शब्द मी सोडणार नाही.

चव्वेचाळीस वर्षं मी पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत, कारखान्यात, ग्राइंडिंग मशीनवर उभा होतो. केसाच्या जाडीचाही फरक चालत नाही असं काम. एकदा एका इंजिनिअरने सांगितलं, प्रतापराव, पीस थोडा कमी भरला असेल, पण तपासणीच्या कार्डावर बरोबर आहे म्हणून लिहा, गाडी खाली उभी आहे. मी लिहिलं नाही. त्याने मला आठ महिने पॅकिंगमध्ये टाकलं, खोक्यांना पट्ट्या मारायला. तू तेव्हा तिसरीत होतीस. "अण्णांच्या हाताला आता तेलाचा वास का येत नाही?" असं आईला विचारत होतीस. त्या माणसाला तू खोटारडा म्हणालीस.

आता तुझ्या हिरड्यांच्या संशोधनाचा तो फॉर्म. तुझे गाईड शिवकुमार सर फार गोड बोलतात, "कूतकोळ्ळी, कूतकोळ्ळी" म्हणत खुर्ची पुढे करतात, आणि समोर चार पानं ठेवून निघून जातात. मी चष्मा पुसून एकेक ओळ वाचली. बीडी, सिगरेट ओढता का? इल्ला. गुटखा, पान, तंबाखू चघळता का? इल्ला. दारू? कारखान्यात आयुधपूजेला सगळे घ्यायचे, तेव्हाही मी घेतली नाही, इल्ला. पुढच्या पानावर, दात कशाने घासता: पेस्ट, पावडर, कडुलिंबाची काडी, इतर. मी पावडरवर टिक केली. शेजारी तुझी आई बसली होती, तिनेही पावडरवर केली. काळी असली म्हणून काय झालं, मशेरी ही पावडरच नव्हे का?

तू म्हणशील, तंबाखूचं पान तव्यावर जाळून काळं करता, कुटता, चाळता आणि वर म्हणता तंबाखू नाही. पण यशश्री, आमच्या घरात हे दोन वेगळे विषय होते. तंबाखू खाणारा म्हणजे माझा तो फोरमन, भिंतीवर थुंकणारा. मशेरी म्हणजे सकाळी तोंड धुणं. माझ्या आईने लावली, तिच्या आईने लावली, चुलत्या-मावश्या सगळ्या अंगणात बसून लावायच्या आणि सुनांची उणीदुणी तिथेच निघायची. निपाणीचे पाहुणे येताना पेढे आणोत न आणोत, पानांची जुडी आणायचेच. समोरच्या नरसिंहाची बायको धुराने खोकत दारात यायची, "एनु वासने री इदु, अंबूबाई!" आणि तुझी आई आतून ओरडायची, "तुमच्या सुक्या मासळीपेक्षा बरा!" हे सगळं तुझ्यासमोर झालं. आणि हिरडीतून रक्त आलं की बोटभर लावायची, रक्त थांबायचं. आमच्या डोळ्यांसमोर थांबायचं. तू आता सांगतेस की थांबत नव्हतं, दबत होतं, तंबाखूने रक्ताच्या बारीक नळ्या आवळतात आणि आत सूज चालूच राहते. असेल. तू शिकलेली आहेस. पण रक्त थांबवणाऱ्या गोष्टीला माणूस औषध म्हणेल की विष म्हणेल, हे तूच सांग.

तू मला समजावलं नव्हतंस असं मी म्हणत नाही. गेल्या वर्षी कॅलेंडरच्या पाठीमागे चित्र काढून तू सांगितलंस ते मला तुझ्या शिवकुमार सरांपेक्षा चांगलं कळलं. जीनला मराठीत जनुक म्हणतात, आणि ती जन्माला येताना मिळालेली वही आहे, तिच्यातली अक्षरं बदलत नाहीत. पण कुठलं पान उघडायचं आणि कुठलं मिटून ठेवायचं याच्या बारीक खुणा शरीर त्या वहीवर करत राहतं. तोंडात जंतू आले की सूज आणायचं पान उघडतं, काम झालं की सूज उतरवायचं पान उघडतं. मी म्हटलं, म्हणजे आमच्या मशीनचा लिमिट स्विच. टेबल टोकाला गेलं की स्विच दाबला जातो आणि टेबल मागे फिरतं. त्या स्विचवर चिकटा बसला तर टेबल फिरत नाही, चाक जॉब, म्हणजे घासायचा तुकडा, खात सुटतं. तू टाळी दिलीस मला. "अगदी हेच अण्णा, आपल्या हिरड्यांत सूज थांबवायच्या स्विचवर चिकटा बसलाय, आणि सूज दाताखालचं हाडच खात सुटली आहे." मग म्हणालीस की तंबाखूसुद्धा असाच चिकटा बसवते, म्हणून तुला तंबाखू नसलेलं घर हवं. तसं घर सापडलं तर कळेल की खूण जन्मापासूनची आहे की नंतरची. आणि असं घर तुला शोधावंच लागलं नाही, घरचंच होतं. माझी आई गोजराबाई चाळिशीत बोळकी झाली. माझे पुढचे दात पन्नाशीत गेले. तुझी आई माझ्या सख्ख्या मामाची मुलगी, म्हणजे रक्त तेच, तिचेही गेले. आणि तू, दातांची डॉक्टर, स्मृतीच्या वेळच्या बाळंतपणानंतर तुझे खालचे दोन दात हलायला लागले तेव्हा माझ्यासमोर मोरीत उभी राहून रडलीस.

त्या दिवशी तू म्हणालीस, "माझं जे व्हायचं ते झालं, अण्णा. स्मृतीचं तरी वाचवायचं आहे." त्यासाठी तू चांगला चाललेला दवाखाना सोडलास, पस्तिशी उलटल्यावर पुन्हा विद्यार्थी झालीस, पोरींच्या बरोबरीने प्रयोगशाळेत उभी राहिलीस. हे मी विसरलेलो नाही. विसरलो असतो तर एवढा राग आला नसता.

तुला एक गोष्ट सांगतो. रक्तातच आहे, असं तू म्हणालीस तेव्हा मला बरं वाटलं होतं. वाईट वाटायला पाहिजे होतं, पण बरं वाटलं. घराण्याच्या रक्तात आहे म्हटलं की कुणी काही केलेलं नसतं. मी बसमध्ये, बागेत, जो भेटेल त्याला सांगत सुटलो, आमच्या हिरड्यांवर मोठ्या इन्स्टिट्यूटमध्ये संशोधन चाललंय, मुलगीच करते, आमच्या घराण्यात तसं खासच काही आहे. नरसिंह म्हणाला, "तुम्हा मराठ्यांचं सगळंच खास, दात पडले तरी मिरवता." मी हसलो. मिरवतच होतो.

आणि मग तुझा तो फोन. लाळेत तंबाखूचा अंश निघाला, माझ्या आणि आईच्या दोघांच्याही. स्वल्प नाही, भरपूर. शिवकुमार सरांनी तुला सगळ्यांसमोर विचारलं, हे तुझे आईवडील ना? दोन वर्षांचं काम बाजूला पडलं. हे तू मला ओरडून सांगत होतीस आणि मी तुला ओरडून सांगत होतो की फॉर्ममध्ये मशेरीचा रकाना का नाही. अजूनही मी तेच म्हणतो. एवढे शिकलेले लोक, कर्नाटकातून आणि महाराष्ट्रातून माणसं बोलावता, आणि तुमच्यातल्या एकालाही सुचलं नाही की बाई, पावडर कसली, रंग कसला, विचारावं? मी जॉब तपासताना नुसतं कार्ड वाचत नव्हतो, पीस हातात घेत होतो. तुझ्या त्या पोरांनी माझ्या तोंडात आरसा घातला, माझे उरलेले काळे दात पाहिले, आणि "चहा-कॉफी जास्त का तात्या?" म्हणून पुढे गेले.

आणि तू? त्यांचं सोड. तू या घरात वाढलीस. तव्याचा तो वास तुझ्या शाळेच्या गणवेशाला यायचा. मग तू का नाही विचारलंस? पाच आठवडे मी या प्रश्नावर चडफडतो आहे. तुझी आई म्हणते, "आता किती बडबडाल, भिंतीला कान दुखायला लागले." आणि मग परवा दुपारी जेवून उठताना मला उत्तर सापडलं. तू विचारलं नाहीस, कारण तुलाही ती तंबाखू वाटत नव्हती. तुलाही ती आजीची पूड होती.

तुला आठवतं की नाही मला माहीत नाही, म्हणून स्पष्ट लिहितो. तू सहा वर्षांची असताना तुझे दुधाचे दात हलायला लागले आणि तू रडायचीस. माझी आई तुला मांडीवर घ्यायची आणि बोटाने लावायची. पहिल्या दिवशी तुला गरगरलं आणि तू ओकलीस. आई म्हणाली, सवय होईल. झाली. नंतर तू स्वतः तिच्या पुढ्यात जाऊन तोंड उघडायचीस, पाखराचं पिल्लू उघडतं तसं, आणि आम्ही सगळे हसायचो. हे तू दहा वर्षांची होईपर्यंत चाललं. मग शाळेतल्या बाईंनी, स्मिता टीचरनी, मला बोलावून विचारलं की मुलीची जीभ काळी का दिसते. मला लाज वाटली, मशेरीची नाही, टीचरसमोर उभं राहायची. घरी येऊन मी आईला सांगितलं, पोरीला आता पेस्ट आणा. तेवढ्यावर संपलं. मी कधी विचार केला नाही की ती काय होती. तुझ्या अभ्यासात तूही आहेस ना? तुझ्याही हिरडीचा कण तपासणीच्या नळीत आहे. तू तुझा फॉर्म भरलास तेव्हा तंबाखूसमोर "कधीही नाही" असं लिहिलंस, मला दाखवला होतास. यशश्री, तोही चुकीचा आहे. चार वर्षं, रोज सकाळी, तेही कोवळ्या हिरड्यांवर. तू मला खोटं लिहिलंत म्हणालीस ना, मग तुझं काय? आपण दोघांनीही एकाच घरात शिकलेलं लिहिलं.

हे लिहून मी उठलो, बाहेर जाऊन आलो. राग जात नाही. आईवर राग येतो, पण ती जाऊन एकवीस वर्षं झाली आणि तिने काही वाईट मनात आणून केलं नव्हतं. मेलेल्या माणसावर राग धरून काय करायचं, तो घरातच घुमत राहतो. तुझ्या आईवर येतो. मी मशेरी बंद केली त्याला पाच आठवडे झाले, तुझ्या फोनच्या दुसऱ्या दिवसापासून. डोकं दुखतं, सकाळी पोट साफ होत नाही, आणि हिरड्यांतून पूर्वीपेक्षा जास्त रक्त येतं. दबलेलं बाहेर येतंय, तू म्हणाली होतीस तसं. तिला मात्र सुटत नाही. मी डबा कचऱ्यात टाकला तर म्हणाली, "तुमच्या पोरीला सांगा, माझी लाळ मला परत द्या, मग सोडते." दुसऱ्या दिवशी मार्केटातून नवीन पानं आणली. तिच्या गालाच्या आत एक पांढरा डाग आहे. मी म्हटलं दाखव यशश्रीला, तर पदर तोंडाला लावून आत जाते. तो तू बघ. मी सांगून ती ऐकत नाही, तुझं ऐकेल, रडत का होईना.

पण माझा खरा प्रश्न वेगळा आहे आणि तो विचारायला मी तुला तीनदा फोन केला होता. कॅलेंडरच्या पाठी चित्र काढताना तू म्हणाली होतीस की या खुणा काही शाईने केलेल्या नसतात; काही पुसतात, त्याला वर्षं लागतात, काही राहून जातात. तेव्हा मी मान डोलावली, नीट ऐकलं नाही. आता मला नीट सांग. लहानपणी बसलेली खूण पुसते का? वय जेवढं कोवळं तेवढी ती खोल बसते, की कोवळ्या वयात लवकर भरून निघते? थोडेच दिवस लावली असेल तर? समज, दीड-दोन महिने. मला खोटा दिलासा नको. मी पीस कमी भरला तर कमीच लिहिणारा माणूस आहे, मलाही तसंच उत्तर दे.

दीड-दोन महिने का विचारतो, ते तुला आता कळलं असेल. एप्रिल-मे मध्ये तुझा प्रबंध चालला होता आणि स्मृती आमच्याकडे होती. तिची दाढ हलत होती, जेवताना रडत होती, तू फोनवर म्हणालीस दुधाचा दात आहे, पडेल आपोआप. तुझ्या आईने काही केलं नाही. तिच्यावर संशय घेऊ नकोस. मी केलं. मी तिला मांडीवर घेतलं आणि माझ्या बोटाने लावली. तिला गरगरलं. मी म्हटलं, सवय होईल. अगदी हेच शब्द. तुझा फोन आला, तू तंबाखू, लाळ, खोटं असं ओरडत होतीस, आणि मी तुझ्यापेक्षा मोठ्याने ओरडत होतो, ते फॉर्मसाठी नव्हतं गं. ती घरी परतून तेव्हा तीन आठवडे झाले होते. मी स्वतःला समजावलं, गेली ती, सुटली असेल. काल संध्याकाळी तू अंघोळीला गेलीस तेव्हा तिने तुझ्या फोनवरून मला फोन केला. हळू आवाजात म्हणाली, "अज्जा, संपत आलं. दुसरं आणशील?" आणि माझ्या तोंडून निघालं, "सरी, पुट्टी, आणतो." आमच्याकडून निघताना ती हट्ट करत होती म्हणून मी एका छोट्या डबीत घालून दिली होती आणि आईला सांगू नको म्हणालो होतो. कंपासपेटीत असते, प्लॅस्टिकच्या खणाच्या खाली. हे वाचून झालं की उठ आणि ती काढून घे. तिचं तोंड उघडून बघ. तिला मारू नकोस, ओरडूही नकोस, तिने काही लपवलं नाही, मी लपवायला सांगितलं. तिने मला विचारलं होतं, "अज्जा, हे औषधच आहे ना?" आणि मी तिला हो म्हणालो होतो.

तुझाच,
अण्णा